बातमीतली ऑनलाइन स्त्री

मराठी वर्तमानपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांवर ऑनलाइन जगातली स्त्री बहुधा चार ठरलेल्या रूपांत भेटते. पहिली फसलेली, दुसरी बहकलेली, तिसरी फोटो टाकून ‘नेटकऱ्यांना घायाळ’ करणारी आणि चौथी नवलाची. पहिल्या दोघी गुन्हेवृत्ताच्या पानावर असतात, तिसरी मनोरंजनाच्या पानावर आणि चौथी रविवारच्या पुरवणीत. वीजबिल भरणारी, पीकविम्याचा अर्ज भरणारी, शाळेच्या पालकगटात फीवरून वाद घालणारी, रात्री भांडी आवरल्यावर निवांत रील पाहत बसणारी स्त्री या चौघींत नसते. इंटरनेट वापरणाऱ्या स्त्रियांत मात्र अशाच स्त्रिया जास्त आहेत.

हे चार साचे इंटरनेटने घडवलेले नाहीत. ते त्याच्या आधीपासूनचे आहेत आणि वृत्तसंस्थांच्या रोजच्या कामाच्या पद्धतीमुळे टिकून आहेत. त्यांचा परिणाम बातमीपुरताही राहत नाही. घरात फोन कोणाच्या हाती राहील, हे ठरवण्यातही त्यांचा वाटा असतो.

आकड्यांतली स्त्री

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ या वयोगटाला इंटरनेट कधी तरी वापरले आहे का, असे विचारण्यात आले. देशातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी होकार दिला. महाराष्ट्रात हे प्रमाण स्त्रियांत ३८ टक्के आणि पुरुषांत ६१.५ टक्के होते. गोव्यात ते अनुक्रमे ७३.७ आणि ८२.९ टक्के होते. शेजारच्या दोन राज्यांतली ही तफावत पाहता ‘भारतीय स्त्री आणि इंटरनेट’ असा सरसकट विषय मांडणे अवघड ठरते.

त्याच सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ५३.९ टक्के होते. चौथ्या फेरीत ते ४५.९ टक्के होते. येथे ‘स्वतः वापरता येईल असा’ या शब्दांना महत्त्व आहे. घरात फोन असणे वेगळे आणि तो बाईच्या हाती असणे वेगळे. अनेक घरांत फोन नवऱ्याच्या खिशात कामावर जातो आणि संध्याकाळी परत येतो. त्यानंतर तो आधी मुलांच्या हाती पडतो.

बातम्यांतल्या स्त्रियांची मोजणी १९९५ पासून दर पाच वर्षांनी ‘ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट’ या जागतिक पाहणीत होते. बातमी ज्यांच्याविषयी आहे किंवा ज्यांच्या तोंडून सांगितली आहे, अशा माणसांत स्त्रिया १९९५ मध्ये १७ टक्के होत्या. २०१५ मध्ये त्या २४ टक्के झाल्या आणि ११६ देशांत झालेल्या २०२० च्या पाहणीत २५ टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्क्यांची भर पडली. त्याच काळात इंटरनेट प्रयोगशाळांतून निघून घरोघर पोहोचले, पण बातमीने स्त्रीला दिलेली जागा त्या मानाने वाढली नाही.

साच्यांची पूर्वपीठिका

स्त्री नव्या माध्यमात शिरते तेव्हा ती आता काय करून बसेल, ही चिंता सर्वांत आधी छापून येते. मराठीतले याचे ठळक उदाहरण १८८१-८२ चे आहे. सुरतेतल्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या अर्भकाच्या हत्येचा खटला चालला आणि तिला शिक्षा झाली. या खटल्यावर लिहिताना ‘पुणेवैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने एकूण स्त्रीजातीच्याच नीतीवर ताशेरे ओढले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. एका स्त्रीच्या अपराधाचा ठपका सगळ्या स्त्रियांवर ठेवणाऱ्या वृत्तपत्री भाषेला एका स्त्रीने छापील उत्तर द्यावे, हा मराठीत माध्यमांच्या चिकित्सेचा आरंभच म्हणावा लागेल.

पुस्तकाचे पुढे जे झाले तेही या विषयाला धरून आहे. ताराबाईंवर टीका झाली आणि ती सत्यशोधक वर्तुळातूनही झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा प्रकाशात आणले, तोवर ९३ वर्षे उलटली होती. स्त्रीने सार्वजनिक जागी बोलावे, तिच्यावर तुटून पडावे आणि मग ती गप्प व्हावी, हा क्रम समाजमाध्यमांपेक्षा शंभर वर्षांहून अधिक जुना आहे.

इंटरनेटच्या बाबतीत हाच प्रकार अमेरिकेत १९९० च्या दशकात दिसला. मे १९९४ मध्ये ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने पुरुष, स्त्रिया आणि संगणक या विषयावर मुखपृष्ठकथा केली. संगणकाचे जग पुरुषी आणि आक्रमक आहे व स्त्रियांना तिथे परके वाटते, असा तिचा सूर होता. पुढच्याच वर्षी लेखिका लॉरा मिलर यांनी एका निबंधात या मांडणीवर बोट ठेवले. अमेरिकी पश्चिमेच्या कथांमध्ये उघड्या माळरानावर आधी धाडसी पुरुष जातात. मागून स्त्रिया आणि मुले येतात आणि मग त्यांच्या रक्षणासाठी शेरीफ आणि कायदा लागतो. माध्यमे इंटरनेटची गोष्ट याच चालीवर सांगत आहेत, असे मिलर यांचे निरीक्षण होते. स्त्रीला दुबळी ठरवले की तिच्या नावाने पहारा बसवता येतो, आणि जिथे ती आधीपासून सहज वावरत होती तिथेही ती पाहुणी ठरते. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते ऑगस्ट १९९५ मध्ये. म्हणजे इथल्या घरांत ते येण्याआधीच त्याविषयीची ही गोष्ट तयार होती.

फसलेली

‘फेसबुकवरची मैत्री तरुणीला पडली महागात’ हा मराठी गुन्हेवृत्ताचा सरावाचा मथळा आहे. त्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. वाक्यातला कर्ता मैत्री आहे. महागात पडण्याचे काम मैत्रीने केले. फसवणारा माणूस मथळ्यात कुठेच नाही, आणि मैत्री करणारी तरुणी मात्र आहे. पुरुष फसला की मथळा बदलतो आणि ‘व्यापाऱ्याला १२ लाखांचा गंडा’ असा होतो. गंडा घालायला कोणी तरी लागतोच, त्यामुळे या शब्दात चोर आपोआप येतो. व्यापाऱ्याने अनोळखी माणसावर विश्वास ठेवला ही बाब बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात येते, तर तरुणीने ठेवलेला विश्वास थेट मथळ्यात जातो. पुढच्या मजकुरात ती ‘आमिषाला बळी पडते’, ‘जाळ्यात ओढली जाते’. शेवटी पोलिसांचे आवाहन असते: अनोळखी व्यक्तींशी मैत्री करू नका, वैयक्तिक फोटो टाकू नका. हे आवाहन गुन्हा करणाऱ्यासाठी कधीच नसते.

सोबतचे चित्रही ठरलेले असते. अंधारी खोली, फोनचा निळसर उजेड, गुडघ्यांत डोके खुपसून बसलेली मुलगी. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ नुसार बंदी होती आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार ती आहे. ही बंदी आवश्यकच आहे. मात्र तिच्यामुळे वृत्तकक्षात छायाकृतींचा एक संग्रह तयार झाला आणि आर्थिक फसवणुकीपासून बनावट खात्यापर्यंत स्त्रीशी संबंधित प्रत्येक सायबर गुन्ह्याला तेच चित्र लागू लागले. कायद्याने ओळख झाकायला सांगितली होती. चित्र त्यापुढे जाऊन लाजेने झुकलेली मान दाखवते.

गुन्ह्यांचे प्रत्यक्ष स्वरूप पाहिले तर चित्र वेगळे दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ६५,८९३ सायबर गुन्हे नोंदवले गेले. त्यांपैकी ६४.८ टक्के गुन्ह्यांमागे फसवणुकीचा हेतू होता. खंडणी ५.५ टक्के आणि लैंगिक शोषण ५.२ टक्के होते. लैंगिक गुन्ह्यांची नोंद कमी होते हे धरूनही असे म्हणता येते की, इंटरनेटवरचा धोका मुख्यतः पैशांचा आहे आणि तो स्त्रीपुरुष दोघांनाही आहे. पुरुषाच्या वाट्याचा धोका बातमीत व्यवहाराचा भाग म्हणून येतो. स्त्रीच्या वाट्याचा धोका तिच्या वागण्याचे फळ म्हणून येतो.

धोका खोटा आहे असा याचा अर्थ नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेल्या १,१४,७१६ ट्विट्सची तपासणी केली. त्यांतील १३.८ टक्के, म्हणजे साधारण सातातले एक, आक्षेपार्ह किंवा शिवीगाळ करणारे होते. मुस्लिम महिला नेत्यांना धर्मावरून होणारी शिवीगाळ इतर स्त्रियांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट होती. हा त्रास ‘फसलेल्या’ स्त्रीच्या साच्यात बसत नाही. या स्त्रिया भोळेपणाने कोणाच्या जाळ्यात सापडल्या नव्हत्या. त्या राजकारणात उघडपणे वावरत होत्या आणि म्हणूनच त्यांना लक्ष्य केले गेले.

१ जानेवारी २०२२ रोजी उघडकीस आलेल्या ‘बुल्ली बाई’ प्रकरणात हीच गफलत मोठ्या प्रमाणावर झाली. शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो एका ॲपवर ‘विक्रीला’ म्हणून लावले गेले होते. आदल्या जुलैमध्ये ‘सुल्ली डील्स’ या नावाने हेच झाले होते. दोन्ही याद्यांत पत्रकार, वकील, कार्यकर्त्या अशा बोलत्या स्त्रिया होत्या, आणि पहिल्या यादीत एक वैमानिकही होती. प्रत्यक्षात कोणतीही विक्री नव्हती, उद्देश अपमान करण्याचा होता. तरी अनेक मथळ्यांनी ‘लिलाव’ हा हल्लेखोरांचाच शब्द उचलला. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटका केल्या तेव्हा आरोपींत उत्तराखंडची एक १८ वर्षांची मुलगी निघाली आणि चर्चा तिच्या घरच्या परिस्थितीकडे वळली. ज्या स्त्रियांचे फोटो लावले गेले त्यांनी आधी काय लिहिले होते, कोणत्या विषयांवर त्या बोलत होत्या, हे त्या मानाने कमीच छापले गेले.

बहकलेली

फसलेलीपासून बहकलेलीपर्यंतचे अंतर एका शब्दाचे आहे. हा शब्द म्हणजे ‘नाद’. रीलचा नाद, चॅटिंगचा नाद, लाइक्सचा नाद. मुलगा तासन्‌तास क्रिकेटचे सामने पाहतो तेव्हा तो छंद असतो. मुलीने आरशासमोर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत केली की तो नाद होतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यातील सूरज या गावाने अविवाहित मुलींच्या मोबाइल वापरावर बंदी घातली. मोडणाऱ्याला २,१०० रुपये दंड आणि माहिती देणाऱ्याला २०० रुपये बक्षीस असा नियम होता. नातेवाइकांशी बोलायचे असेल तर आईवडिलांच्या फोनवरून बोलण्याची मुभा होती. माध्यमांनी या बंदीची बातमी मागासलेपणाचा नमुना म्हणून दिली आणि ते योग्यच होते. पण गावाने दिलेली कारणे, म्हणजे मुली बिघडतात, अभ्यासात लक्ष राहत नाही, पळून जातात, ही त्याच माध्यमांत वर्षानुवर्षे छापून आलेली होती. बातम्यांत जे सूचित होत होते, त्याचाच गावाने ठराव केला.

२०२३ च्या उन्हाळ्यात पबजी या खेळातून ओळख झालेल्या तरुणासाठी पाकिस्तानातली एक विवाहित स्त्री चार मुलांसह नेपाळमार्गे भारतात आली. हिंदी वाहिन्यांनी काही आठवडे तिच्या दारात मुक्काम केला. ती हेर आहे की प्रेमिका, हा एकच प्रश्न रोज नव्या पाहुण्यांपुढे ठेवला गेला. तिच्या हिंदीपासून तिच्या बोटांच्या हालचालींपर्यंत सगळ्याचे ‘विश्लेषण’ झाले. कोट्यवधी भारतीय जो खेळ खेळले तो एखादी स्त्रीही खेळते आणि तिथे माणसांच्या ओळखी होतात, ही साधी बाब या गदारोळात हरवली. खेळणाऱ्या स्त्रियांवर स्वतंत्र वृत्तान्त करायला ती संधी होती.

शोभेची

मनोरंजनाच्या पानावरची भाषा वरकरणी कौतुकाची असते. अभिनेत्री इन्स्टाग्रामवर फोटो टाकते, संकेतस्थळ त्याची बातमी करते आणि मथळा ‘नेटकरी घायाळ’ असा असतो. आठवड्याने तीच अभिनेत्री मत मांडते तेव्हा ‘नेटकरी संतापले’. तिने प्रत्युत्तर दिले की ‘ट्रोलर्सना सडेतोड उत्तर’. एका फोटोवर अशा तीन बातम्या निघतात आणि एकीलाही वार्ताहर पाठवावा लागत नाही.

‘नेटकरी’ हा मराठी पत्रकारितेने घडवलेला छान शब्द आहे. शेतकरी, वारकरी, गावकरी यांच्या पंक्तीत तो सहज बसतो. व्याकरणाने तो दोन्ही लिंगांना चालावा. छापील वापरात मात्र नेटकरी घायाळ होणारा आहे, भडकणारा आहे, म्हणजे पाहणारा पुरुष आहे. स्त्री ही नेटकऱ्यांनी पाहायची गोष्ट आहे. मराठी इंटरनेटवर स्त्रिया लाखोंनी असूनही शब्दाच्या वापरात त्या दिसत नाहीत.

नवलाची

चौथा साचा सर्वांत गोड आहे, म्हणून त्याकडे संशयाने पाहिले जात नाही. नगर (आताचा अहिल्यानगर) तालुक्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही यूट्यूब वाहिनी २०२० मध्ये लोकप्रिय झाली. नातवाने पावभाजी मागितली, आजीला ती माहीत नव्हती, नातवाने चित्रफिती दाखवल्या आणि आजी म्हणाल्या की, याहून चांगली मी करीन. ही सुरुवातीची हकीकत बहुतेक सर्व बातम्यांत आहे. सत्तरीचे वय, शाळेचे तोंड न पाहिलेले आणि तरी यूट्यूब, हा बातमीचा गाभा होता. ऑक्टोबर २०२० मध्ये वाहिनी हॅक झाली आणि काही दिवसांनी परत मिळाली. तेव्हा आजींच्या अश्रूंची बातमी झाली.

त्या बातम्यांतून जे राहून गेले ते कामाचे स्वरूप. एका पाककृतीला किती वेळ लागतो, चुलीच्या धुरात कॅमेरा कुठे ठेवायचा, प्रमाण हाताच्या अंदाजाने घालणारी बाई ते चमच्यांत कसे सांगते, उत्पन्न कोणाच्या खात्यात जाते, हे प्रश्न उद्योजक पुरुषाला पहिल्या पाच मिनिटांत विचारले जातात. मराठी पाककृतींच्या क्षेत्रात मधुरा बाचल यांच्यासारख्या स्त्रियांनी २००९ पासून मोठा व्याप उभारला. त्याची नोंद सहसा स्त्रियांच्या पुरवणीत होते, उद्योगाच्या पानावर क्वचित. नवलाची बातमी स्त्रीला अपवाद ठरवते, आणि ती अपवाद ठरली की नियम तसाच राहतो.

गुगल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘इंटरनेट साथी’ उपक्रमाचे चित्रणही याच वळणाचे होते. सायकलवर टॅबलेट घेऊन गावोगाव फिरणारी साथी हे त्याचे सर्वपरिचित छायाचित्र. साथींची संख्या पुढे सुमारे ८० हजारांवर गेली, तरी बातमी त्या एका सायकलीभोवतीच फिरत राहिली.

जाहिरातींनीही हाच तोल सांभाळला. जुलै २०१४ मध्ये एअरटेलची एक जाहिरात गाजली. तीत कार्यालयातली वरिष्ठ स्त्री कनिष्ठ सहकाऱ्याला काम उरकायला सांगते. ती घरी पोहोचते, स्वयंपाक करते आणि व्हिडिओ कॉल करून त्याला ताटातले पदार्थ दाखवते. तो तिचा नवरा असतो. तंत्रज्ञान तिच्या हाती आहे, अधिकारही आहे, पण गोष्ट संपते ती कढईपाशी. जाहिरातीवर मोठा वाद झाला. समाजमाध्यमांवर तो वाद घालणाऱ्यांत स्त्रियाही होत्या.

साच्यांबाहेर: पालघर, २०१२

चारही साचे अपुरे पडतात असे महाराष्ट्रातले प्रकरण पालघरचे आहे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद असताना पालघरच्या एका विशीतल्या तरुणीने फेसबुकवर लिहिले की, माणसे रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला. तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. देशभर टीका झाल्यावर दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले आणि काही महिन्यांत खटला बंद झाला.

बहुतांश माध्यमांनी अटकेवर टीका केली आणि ती जोरकस होती. पण दोघींची ओळख ‘पालघरच्या मुली’, ‘फेसबुकवाल्या मुली’ अशी झाली. मतदानाचे वय उलटलेल्या दोन नागरिकांनी बंदविषयी मत दिले होते. छायाचित्रांत त्या ओढणीने चेहरा झाकून पोलिसांबरोबर चालताना दिसल्या, म्हणजे पुन्हा त्याच झुकलेल्या मानेचे चित्र. घाबरल्या का, पुन्हा फेसबुक वापरणार का, आईवडील काय म्हणाले, असे प्रश्न त्यांना विचारले गेले. बंद पाळावा की नाही या मूळ मुद्द्यावर त्यांचे म्हणणे काय, हा प्रश्न मागे पडला.

ज्या कलमांखाली ही अटक झाली त्यांतले एक माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ होते. त्याला आव्हान देणारी याचिका त्याच महिन्यात श्रेया सिंघल या साधारण त्याच वयाच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात दाखल केली. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवले. भारतातल्या ऑनलाइन अभिव्यक्तीचा सर्वांत महत्त्वाचा निकाल एका स्त्रीच्या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या पार्श्वभूमीवर दोन तरुणींची अटक आहे. तरी या तिघींची गोष्ट ‘स्त्रिया आणि इंटरनेट’ या विषयाखाली क्वचितच सांगितली जाते. ती कायद्याची बातमी ठरते.

स्वतः सांगणाऱ्या स्त्रिया

ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतातली ‘मी टू’ लाट आली. लैंगिक छळाच्या तक्रारी समाजमाध्यमांवर आधी आल्या आणि वृत्तपत्रांत नंतर. काही आरोप पत्रसृष्टीतल्याच ज्येष्ठांवर होते, त्यामुळे माध्यमे एकाच वेळी वार्ताहर आणि आरोपी झाली. इतक्या वर्षांनी का आणि पोलिसांत न जाता ट्विटरवर का, हे दोन प्रश्न चर्चांमध्ये पुन्हा पुन्हा आले. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर दाखल केलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणी यांना निर्दोष ठरवले. स्त्री आपले गाऱ्हाणे दशकांनंतरही आणि तिला हव्या त्या व्यासपीठावर मांडू शकते, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या निकालात होती.

बुंदेलखंडातले ‘खबर लहरिया’ हे दुसरे उदाहरण. २००२ मध्ये चित्रकूटला ग्रामीण, मुख्यतः दलित स्त्रियांनी चालवलेले बुंदेली वृत्तपत्र म्हणून ते सुरू झाले आणि पुढच्या दशकात छपाईकडून मोबाइलवरच्या चित्रफितींकडे वळले. हे स्थित्यंतर ‘रायटिंग विथ फायर’ (२०२१) या माहितीपटात आहे आणि त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. सोहळ्याच्या आधी, मार्च २०२२ मध्ये, खबर लहरियाने जाहीर निवेदन काढले. आपण एकाच पक्षाच्या मागे लागलो आहोत असे चित्र माहितीपटातून उभे राहते आणि आपल्या कामाचा विस्तार त्यात येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. सहानुभूतीने केलेले चित्रणही अपुरे असू शकते, आणि ज्यांचे चित्रण झाले त्या ते बोलून दाखवू शकतात, हे यातून समोर आले.

तिसरे उदाहरण महाराष्ट्राचे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी ‘मोबाइल वापसी’ आंदोलन केले. शासनाने दिलेले फोन गरम होतात, मध्येच अडकतात, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येतो आणि ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. सेविकांनी फोन प्रकल्प कार्यालयांत जमा केले. बालकांचे वजन, उंची, आहाराची नोंद ॲपवर भरणाऱ्या या स्त्रिया राज्यातल्या सर्वांत नियमित ऑनलाइन कामगारांपैकी होत. ॲपची भाषा, फोनची क्षमता, गावातले नेटवर्क यांवर त्यांच्याइतके अनुभवाने बोलणारे थोडेच. बातमी मात्र मोर्चा आणि मागण्या म्हणून आली. तंत्रज्ञानाच्या पानाला ती आपली वाटली नाही.

साचे का टिकतात

पहिले कारण बातमीचा उगम. सायबर गुन्ह्याची बातमी पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकावरून होते. पत्रक फिर्यादीच्या आधारे लिहिलेले असते आणि त्यात फिर्यादीने काय केले याची तपशीलवार माहिती असते. आरोपी अनेकदा अज्ञात असतो. वार्ताहराच्या हाती जे असते त्याचाच मथळा होतो.

दुसरे कारण पानांची वाटणी. तंत्रज्ञान, उद्योग आणि स्त्री ही तीन वेगळी पाने आहेत. जी स्त्री तिन्हींत बसते ती कोणत्याच पानावर नीट बसत नाही आणि शेवटी स्त्रियांच्या पुरवणीत जाते. तिसरे कारण मोजणी. संकेतस्थळांवर प्रत्येक बातमी किती वेळा उघडली गेली हे तत्काळ दिसते, आणि ‘घायाळ’ हा शब्द ‘पोषण ट्रॅकर’पेक्षा अधिक वेळा उघडला जातो.

चौथे कारण या सर्वांना जोडणारे आहे. बातमीतली अनुपस्थिती संदर्भसाहित्यात उतरते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी डोना स्ट्रिकलँड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावर लेख नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात कोणी तरी पाठवलेला मसुदा पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला होता. वृत्तपत्रांनी विकिपीडियाला धारेवर धरले. विकिपीडियाचा नियम मात्र असा की, इतरत्र छापून आलेलेच तिथे घेता येते. ज्यांच्याविषयी आधी बातमी नव्हती त्यांच्याविषयी लेखही नव्हता, आणि लेख नाही म्हणून पुढच्या वार्ताहराला त्या सापडत नव्हत्या.

परिणाम आणि कसोटी

मुंबईतल्या स्त्रियांच्या सार्वजनिक वावरावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिले. रस्त्यावर स्त्रीला कारण लागते, असे त्यात दाखवले आहे. ती कामाला निघालेली असावी, बाजाराला, मुलाला शाळेतून आणायला. नुसती कठड्याला टेकून उभी राहिली तर तिच्याकडे पाहिले जाते. सुरक्षिततेच्या नावाखाली तिला घरी पाठवले जाते, आणि रस्त्यावर बायका कमी असल्या की रस्ता अधिकच असुरक्षित होतो.

ऑनलाइन जगाला हे जसेच्या तसे लागू पडते. अभ्यासासाठी, बचत गटासाठी, पाककृतीसाठी फोन चालतो. विनाकारण चालत नाही. फसलेलीची बातमी वाचून मुलीचा फोन काढून घेतला जातो, बहकलेलीची वाचून पासवर्ड मागितला जातो. नवलाची वाचून कौतुक होते, पण फोन परत मिळत नाही. सर्वेक्षणातल्या ३८ आणि ६१.५ या आकड्यांमध्ये पैसा, शिक्षण आणि नेटवर्क यांबरोबर या भीतीचाही वाटा आहे.

बातमी तपासायला तीन सोप्या कसोट्या पुरतात. मथळ्यात स्त्रीच्या जागी पुरुष घालून वाक्य वाचावे. ‘फेसबुकवरची मैत्री तरुणाला पडली महागात’ हे विचित्र वाटले तर मूळ मथळाही दुरुस्तीला आला आहे. क्रियापद कोणाचे आहे ते पाहावे, कारण गुन्हा ज्याने केला तोच वाक्याचा कर्ता असायला हवा. आणि स्त्रीने ऑनलाइन जे केले, लिहिले किंवा म्हटले, ते बातमीत तिच्या शब्दांत आले आहे का ते शोधावे. पालघरच्या बातम्या तिसऱ्या कसोटीत अडल्या. मोबाइल वापसीच्या बातम्या तिन्हींत उतरल्या, कारण तिथे सेविका स्वतः बोलत होत्या आणि तक्रार फोनची होती.